एक नॉब, तीन ट्यूब: जुना लहान ॲम्प घरी आणणाऱ्यांसाठी

जुन्या गिटार ॲम्पचा स्विच दाबला की लाल दिवा लागतो आणि पुढे काहीच होत नाही. तार छेडली तरी शुकशुकाट. नवा माणूस इथेच गडबडतो, स्विच बंद-चालू करतो, केबल हलवून बघतो. दहा-पंधरा सेकंद थांबलं की मागच्या बाजूला नारिंगी उजेड दिसायला लागतो, तापलेल्या धुळीचा वास येतो, स्पीकरमधून बारीक गुणगुण सुरू होते आणि मग आवाज एकदम न येता फुगत फुगत वर येतो. घरात कुणी व्हॉल्व्हचा रेडिओ वापरला असेल तर त्यांना यात नवल वाटणार नाही. ट्यूब म्हणजे तोच व्हॉल्व्ह.

हा लेख साधारण १९५० ते १९८० च्या दरम्यान बनलेल्या, तीन ते पंधरा वॉटच्या, एका हाताने उचलता येणाऱ्या गिटार ॲम्पबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशा ॲम्पमधल्या दोन-तीन गोष्टी बदलल्याशिवाय तो वापरू नये, आणि त्या बदलून झाल्या की बाकी कशालाही शक्यतो हात लावू नये. लोक बरोबर उलटं करतात. महागड्या ट्यूब आणतात, नवा स्पीकर बसवतात, आणि दोन पिनांची कडक झालेली वायर मात्र ‘ओरिजिनल आहे’ म्हणून जपून ठेवतात.

आत काय असतं

फेंडर चॅम्पचं उदाहरण घेऊ. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या त्याच्या ५एफ१ या आराखड्यात तीनच ट्यूब आहेत. सगळ्यात लहान ती १२एएक्स७, युरोपात हिलाच ईसीसी८३ म्हणतात. गिटारच्या पिकअपमधून (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागातून) येणारा अगदी दुबळा सिग्नल ती मोठा करते. एका काचेत प्रत्यक्षात दोन ट्यूब असल्यामुळे हे काम दोन टप्प्यांत होतं. मधली ६व्ही६ ही पॉवर ट्यूब, स्पीकर हलवायला लागणारा जोर तिचा. तिसरी ५वाय३ रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेचं डीसी करणारी. गिटारचा सिग्नल तिच्यातून जातच नाही. बाकी एक आठ इंची स्पीकर, एक व्हॉल्यूम नॉब आणि पाचेक वॉटची ताकद. टोनचा नॉबसुद्धा नाही. पुढे १९६४ पासूनच्या चॅम्पला ट्रेबल आणि बास मिळाले, व्हायब्रो चॅम्पला वर ट्रेमोलो, म्हणजे आवाज लयीत कमी-जास्त करणारी सोय. इंग्लंडच्या व्हॉक्स एसी४ मध्ये पॉवर ट्यूब म्हणून ईएल८४ असते. तपशील बदलतात, सांगाडा हाच.

ट्यूबच्या आत मधोमध एक कॅथोड असतो. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाहेरच्या प्लेटकडे ओढले जातात. वाटेत तारेची एक बारीक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. गिटारचा सिग्नल या ग्रिडवर येतो आणि नळाची चावी फिरवावी तसा इलेक्ट्रॉनचा प्रवाह कमी-जास्त करतो. इलेक्ट्रॉन ओढायला प्लेटवर भरपूर दाब लागतो, लहान ॲम्पमध्येसुद्धा ३०० ते ४०० व्होल्टच्या घरात. ॲम्प लहान आहे म्हणून धोका लहान, हा हिशेब इथे चालत नाही.

विकत घेण्याआधी: आकडे वाचा

अमेरिकन ट्यूबच्या नावातला सुरुवातीचा आकडा म्हणजे तिच्या हीटरचे, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेचे, साधारण व्होल्ट. ६व्ही६ ला ६.३ व्होल्ट, ५वाय३ ला ५, १२एएक्स७ ला १२.६ (हिचा हीटर मधून जोडून ६.३ वरही चालवता येतो, आणि गिटार ॲम्पमध्ये बहुधा तसाच चालवतात). एवढं कळलं की ॲम्पच्या मागचं लेबल बघूनच एक मोठी गोष्ट ओळखता येते.

ट्यूबची नावं ५, ६, १२ यांनीच सुरू होत असतील, तर आत पॉवर ट्रान्सफॉर्मर (भिंतीतली वीज वेगळी करून हव्या त्या व्होल्टला आणणारा) असण्याची शक्यता दांडगी. पण ५०सी५, ३५डब्ल्यू४ अशी नावं दिसली तर सावध व्हा. जुन्या काळी अगदी स्वस्त ॲम्पमध्ये खर्च वाचवायला पॉवर ट्रान्सफॉर्मर घालतच नसत. पन्नास, पस्तीस आणि बारा व्होल्टचे हीटर एकामागोमाग जोडून, गरज पडली तर एखादा रेझिस्टर घालून, बेरीज ११०-१२० व्होल्टला भिडवायची आणि सगळं थेट भिंतीच्या विजेवर चालवायचं. अशा ॲम्पमध्ये भिंतीतली वीज आणि तुमच्या गिटारच्या तारा यांच्यामध्ये म्हणावं असं काहीच नसतं. जाणकार त्यांना उघड उघड जीवघेणे म्हणतात. आत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून घेता येतो, पण पहिल्या ॲम्पसाठी या वाटेला जाऊच नका, कितीही गोंडस दिसला तरी.

दुसरं, वय तपासा. स्पीकरच्या कडेवर, ट्रान्सफॉर्मरवर आणि नॉबच्या मागच्या पॉटवर (नॉबने फिरणाऱ्या रेझिस्टरवर) सहा-सात आकडी क्रमांक छापलेला असतो. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: २२० म्हणजे जेन्सन, ४६५ ऑक्सफर्ड, ६०६ शूमाकर, १३७ सीटीएस. त्यानंतरचे एक किंवा दोन आकडे वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. स्पीकरवर २२०६३४ असेल तर तो जेन्सनने सहाने संपणाऱ्या वर्षाच्या चौतिसाव्या आठवड्यात बनवला. ते ५६ की ६६ हे बाकीच्या खुणांवरून ठरवायचं. सगळे क्रमांक एकमेकांच्या आसपास येत असतील तर ॲम्प बऱ्यापैकी अभंग आहे. एखादा भाग वीस वर्षांनी तरुण निघाला तर तो बदललेला आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव त्याप्रमाणे लावावा.

मी पहिला ॲम्प घेतला तेव्हा विकणाऱ्याने अभिमानाने सांगितलं होतं, ‘आत कुणी हात लावलेला नाही, पन्नास वर्षं!’ मला ते फार आवडलं. हात लावलेला नाही याचा अर्थ कंडेन्सरही (वीज साठवणारे भाग) पन्नास वर्षांचे आहेत, हे डोक्यात शिरायला एक संध्याकाळ लागली. खोलीभर गोडसर जळका वास आणि तळाशी चिकट द्रव.

पहिलं काम: प्लग लावू नका

घरी आणल्या आणल्या वाजवून बघायची इच्छा होणारच. ती आवरा. दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी ॲम्प एकदाही चालू झाला नाही तर काही बिघडत नाही. चालू केला तर बिघडू शकतं.

ट्यूबची कामं जाणणाऱ्या कारागिराकडून तीन गोष्टी करून घ्या. जुन्या ॲम्पना दोन पिनांची वायर असते, कुठला पिन फेजला जाईल याची खात्री नाही. शिवाय आत विजेच्या एका टोकापासून चॅसीपर्यंत, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यापर्यंत, एक छोटा कंडेन्सर जोडलेला असतो. गुणगुण कमी व्हावी म्हणून तो घालत. हा कंडेन्सर शॉर्ट झाला की भिंतीतली वीज चॅसीवर येते, चॅसीवरून जॅकमध्ये, केबलमधून गिटारच्या ब्रिजवर आणि तिथून तुमच्या हातात. गाणारा माणूस असेल तर तारांवर हात आणि माइकला ओठ. माइक नीट अर्थ केलेला (जमिनीशी जोडलेला) असेल तर वर्तुळ पूर्ण झालंच म्हणून समजा. तेव्हा पहिली गोष्ट: तीन पिनांची नवी वायर, अर्थ चॅसीला स्वतंत्र बोल्टने घट्ट, फेज आधी फ्यूजला आणि मग स्विचला. दुसरी: तो कंडेन्सर काढून टाकणं. ‘काढला तर आवाज बदलेल का’ असं मला अनेकांनी विचारलंय. नाही. सिग्नलच्या वाटेवर तो नाहीच.

तिसरी गोष्ट, पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर. यांच्या आत ओलसर रसायन असतं, ते वाळतं. वीस-पंचवीस वर्षांनंतर त्यांच्यावर भरवसा ठेवू नये, बाहेरून कितीही टुकटुकीत दिसोत. नवे बसवताना एक सूचना कारागिराला जरूर द्या: मायक्रोफॅरडचा आकडा, म्हणजे कंडेन्सरची क्षमता, मूळच्या आसपासच ठेवा. ‘जास्त मायक्रोफॅरड घातले की गुणगुण कमी’ हे अर्धसत्य आहे. ५वाय३ सारख्या रेक्टिफायरला आपल्यापुढचा पहिला कंडेन्सर साधारण २० मायक्रोफॅरडपर्यंतच झेपतो. त्याहून बराच मोठा घातला तर चालू होताना रेक्टिफायरवर ताण पडतो आणि त्याचं आयुष्य घटतं.

हे काम स्वतः करायचा मोह होईल. सोल्डरिंग येत असलं तरी नवख्यांनी करू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट बराच वेळ टिकून राहू शकतात. ते रेझिस्टरमधून सावकाश उतरवायचे, उतरले का ते मीटरने मोजायचे, मोजताना दुसरा हात खिशात. हे आधी कुणाच्या शेजारी बसून शिकावं.

बऱ्याच दिवसांनी ॲम्प पहिल्यांदा चालू होत असेल तर जाणता कारागीर सिरीज बल्ब लावतो. विजेच्या वाटेत ४० किंवा ६० वॉटचा फिलामेंटचा साधा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि ॲम्प वाचतो. ठीक असेल तर क्षणभर पेटून मंद होतो. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही.

आता व्होल्टेज. ॲम्प अमेरिकन असेल आणि तुमच्या भिंतीत २२०-२४० व्होल्ट असतील तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. चॅम्पसारखा ॲम्प साधारण ४०-५० वॉट खातो, म्हणून स्टेपडाउन निदान १०० वॉटचा घ्या, आणि त्यातून अर्थ पुढे ॲम्पपर्यंत जातो का ते तपासा. स्वस्तातले कित्येक अर्थ मध्येच सोडून देतात, मग तीन पिनांची वायर घालून फायदा शून्य. दोन पर्याय असतील तर १२० ऐवजी ११० व्होल्टचा निवडा. जुन्या लेबलवर बहुधा ११० किंवा ११७ च लिहिलेलं असतं. शिवाय ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. दाब थोडा कमी ठेवला तर त्यालाही आराम.

आणि स्पीकर. ट्यूब ॲम्प स्पीकरशिवाय चालवायचा नाही, अगदी ‘एक मिनिट बघतो’ म्हणूनही नाही. पॉवर ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधल्या ताकदीला जायला वाट मिळाली नाही की त्याच्या आत व्होल्टेज उसळतं आणि तारेवरचा लेप फाटतो. जुन्या ॲम्पमधला सगळ्यात न मिळणारा भाग तोच.

ट्यूब हाताळताना

ॲम्प बंद, प्लग बाहेर, काच थंड. ६व्ही६ आणि ५वाय३ च्या बुडाशी आठ पिन आणि मधोमध एक खुंटी असते. खुंटीवरची कड सॉकेटमधल्या खाचेत बसली की मगच दाबायचं. १२एएक्स७ ला नऊ पिन, एका ठिकाणी जागा सोडलेली, त्या जागेवरून दिशा कळते. काढताना पिळायचं नाही, किंचित गोल डोलवत वर ओढायचं. आठ पिनवाली ट्यूब काचेऐवजी काळ्या बुडाला धरून काढावी, कारण जुन्या ट्यूबची काच बुडापासून सुटलेली असू शकते.

ट्यूब विकणारे ‘मॅच केलेली जोडी’ आणि ‘बायस सेटिंग’ यावर बरंच बोलतात. एकच पॉवर ट्यूब असलेल्या ॲम्पला जोडीचा प्रश्नच येत नाही. अशा ॲम्पमध्ये बायस, म्हणजे ट्यूब गप्प असताना किती प्रवाह वाहावा ते, बहुधा कॅथोडच्या रेझिस्टरने आपोआप ठरतो, चॅम्पमध्ये हा रेझिस्टर ४७० ओहमचा. जुनी काढा, नवी घाला, झालं.

खराब ट्यूब ओळखायला डोळे पुरतात. काचेच्या टोकाला किंवा बाजूला चकचकीत रुपेरी डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, ट्यूब गेली. काचेच्या आतल्या बाजूवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी असते. पण धातूच्या भागांच्या मधल्या पोकळीत गुलाबी-जांभळं धुकं दिसत असेल तर व्हॅक्यूम बिघडलाय. आणि प्लेट, म्हणजे आतला करडा पत्रा, लालभडक होत असेल तर ताबडतोब स्विच बंद. हीटर नारिंगी असावा, प्लेट कधीच नाही.

उरली ठोकून बघायची तऱ्हा. व्हॉल्यूम मध्यावर ठेवून, गिटार न वाजवता, लाकडी पेन्सिलच्या मागच्या टोकाने प्रत्येक ट्यूबला अलगद टिचकी मारायची. स्पीकरमधून हलकंसं ‘टक्’ येणं साहजिक आहे. टिचकीनंतर घंटेसारखा नाद रेंगाळला किंवा किंकाळी सुरू झाली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक, म्हणजे माइकसारखी थरथर पकडणारी. लहान ॲम्पमध्ये ट्यूब आणि स्पीकर एकाच खोक्यात एकमेकांना हादरे देत असतात, म्हणून हा दोष इथे लवकर उघडा पडतो.

वाजवायला शिकणं

पाच वॉट म्हणजे हळू आवाज, ही सगळ्यात टिकाऊ गैरसमजूत. आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. म्हणजे पन्नास वॉटचा ॲम्प पाच वॉटच्या फक्त दुप्पट मोठा वाटतो. स्पीकर एका वॉटला एका मीटरवर ९३ डेसिबल देणारा असेल, तर पाच वॉटला तो १०० च्या घरात जातो. बंद खोलीत हे खूप झालं. शेजारी भिंत ठोकतील.

नॉबचा चढ सारखा नसतो, हे दुसरं. आवाजाचा बहुतेक भाग पहिल्या अर्ध्यातच येऊन जातो. बारापर्यंत आकडे असलेल्या नॉबवर तीन-चारपर्यंत स्वच्छ आवाज मिळतो. पाच-सहाला जोरात मारलेला कॉर्ड फाटायला लागतो पण एकेक तार स्वच्छ राहते. आठच्या पुढे आवाज फारसा वाढत नाही, फक्त ट्यूब अधिकाधिक दाबल्या जातात. सगळी मजा त्या पाच-सहाच्या पट्ट्यात आहे. माझा ॲम्प साडेपाचवर असतो, नॉबच्या कडेला पेन्सिलची खूण केलीय.

आता पहिला धडा. ॲम्पचा नॉब या पट्ट्यात ठेवा आणि त्याला विसरा. गिटारवरचा व्हॉल्यूम दहावर न ठेवता सातवर ठेवा. पिकने हलकं वाजवा: स्वच्छ. त्याच जागी जोर लावा: कडा खरखरीत होतात. आता गिटारचा व्हॉल्यूम करंगळीने दहावर न्या, तोच कॉर्ड गुरगुरायला लागेल. पाचवर आणा, पुन्हा पाण्यासारखा. पेडलला पाय न लावता तीन वेगळे आवाज मिळाले. एक आठवडा फक्त हेच करा, एकाच कॉर्डवर. ट्रान्झिस्टर ॲम्पवर शिकलेला हात एका ठरावीक जोरानेच मारत असतो. त्याला ही सवय मोडायला वेळ लागतो, आणि या ॲम्पचं खरं कसब तिथेच आहे.

गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की धार बोथट होते अशी तक्रार येते. हा दोष बहुधा लांब केबलचा. केबलची स्वतःची कपॅसिटन्स (कंडेन्सरसारखी वीज साठवण्याची क्षमता) आणि गिटारचा पॉट मिळून वरचे सूर गिळतात. दहा मीटरऐवजी तीन मीटरची केबल लावून बघा.

दोन इनपुट जॅक असतील तर एक पूर्ण ताकदीचा आणि दुसरा निम्म्याचा असतो. हंबकरची (जोरदार सिग्नल देणाऱ्या दुहेरी कॉइलच्या पिकअपची) गिटार आणि घट्ट, स्वच्छ आवाज हवा असेल तर दुसरा वापरा. पहिल्यात कुठल्याही गिटारने लवकर फाटतो.

बासच्या बाबतीत हे ॲम्प हळवे असतात. आठ इंची स्पीकर आणि मुठीएवढा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, त्यात नेक पिकअपवर जाड तारांचा पॉवर कॉर्ड मारला की आवाजाचा लगदा होतो. बासचा नॉब असेल तर ॲम्प चढवताना तो दोनवर आणा. नसेल तर ब्रिज पिकअपकडे वळा आणि दोन-तीन तारांचे छोटे कॉर्ड धरा. सहा तारांऐवजी तीन तारा या ॲम्पवर मोठ्या वाटतात, करून बघा.

जागा बदलून बघणं फुकट आहे. जमिनीवर ठेवलेला ॲम्प घोट्याकडे वाजतो. खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवला की तोच ॲम्प दुसराच वाटतो. स्पीकरच्या बरोबर समोर आवाज टोचतो, थोडं तिरकं उभं राहिलं की गोल होतो. कोपऱ्यात सरकवला तर बास वाढतो. रेकॉर्ड करायचं असेल तर साधा डायनॅमिक माइक स्पीकरच्या मध्यबिंदूऐवजी त्याच्या कागदी कोनच्या (शंकूच्या) अर्ध्यावर रोखा आणि बोटभर पुढे-मागे करत ऐका.

खरोखर मोठा फरक हवा असेल तर एकदा बाहेरचा बारा इंची स्पीकर जोडून बघा, ओहम जुळत असतील तर. अनेक लहान अमेरिकन ॲम्पना ४ ओहमच्या आसपासचा लागतो. पहिल्यांदा ऐकणारे ‘हा एवढ्याशा खोक्यातून?’ असं विचारतात.

रेक्टिफायर ट्यूबमुळे ‘सॅग’ येतो, म्हणजे जोर लावला की सप्लाय दबून मऊ प्रतिसाद मिळतो, असं सगळीकडे लिहिलेलं सापडेल. दोन पॉवर ट्यूबच्या मोठ्या ॲम्पबद्दल ते खरंच आहे. पण एकाच पॉवर ट्यूबचा क्लास ए ॲम्प गप्प असतानाही जवळपास तेवढीच वीज ओढतो जेवढी वाजताना. मग दबायला उरतं काय? तुमच्या चॅम्पचा मऊपणा बहुतांशी ट्यूब, छोटा ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांचा आहे. यासाठी वेगवेगळ्या रेक्टिफायरवर पैसे उधळू नका.

गुणगुण, खरखर आणि माशी

एकच पॉवर ट्यूब असलेला ॲम्प थोडी गुणगुण करणारच. दोन ट्यूबच्या जोडीत सप्लायची गुणगुण एकमेकींना बरीचशी खोडते, इथे खोडायला दुसरी कुणी नाही. मात्र गुणगुण वाढली तर शोध या क्रमाने घ्या. गिटारची केबल जॅकमधून काढा. शांत झालं तर दोष गिटार किंवा केबलचा. सिंगल कॉइल पिकअप असेल तर गिटार धरून जागच्या जागी वळा, एका दिशेला गुणगुण मावळेल. खोलीतले डिमर आणि मोबाइलचे चार्जर बंद करून बघा. केबल काढूनही चालूच असेल तर व्हॉल्यूम शून्यावर न्या. नॉबबरोबर कमी झाली तर गडबड पहिल्या टप्प्यात, बहुधा १२एएक्स७. नॉब शून्यावर असूनही तशीच राहिली तर पॉवर सप्लाय किंवा पॉवर ट्यूबकडे बघायला लागेल. कारागिराला एवढं सांगितलंत तरी त्याचा अर्धा वेळ वाचतो.

नॉब फिरवताना खरखर झाली तर पॉटमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवून घेतात. तरीही लगेच परत आली तर एखादा कंडेन्सर गळत असेल आणि डीसी पॉटवर येत असेल, ते तपासायला द्या.

माशीची गोष्ट माझी स्वतःची. पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सी वाजवला की ॲम्पच्या मागून काचेत माशी अडकल्यासारखी भणभण यायची. फक्त त्याच सुराला. मी १२एएक्स७ बदलली, मग ६व्ही६, मग स्पीकर फाटला म्हणून नवा शोधायला लागलो. पंधरा दिवसांनी, वाजवणारा दुसरा आणि मी मागे गुडघ्यावर, अशा स्थितीत लहान ट्यूबवरच्या पत्र्याच्या टोपीवर बोट ठेवलं आणि भणभण थांबली. टोपीची स्प्रिंग सैल झाली होती. तेव्हापासून भणभण आली की आधी स्क्रू, टोपी, मागची फळी, बिल्ला, आणि ॲम्पवर ठेवलेली पिक. मग बाकीचं.

कशाला हात लावू नये

जुना स्पीकर वाजत असेल आणि कोन फाटलेला नसेल, तर राहू द्या. छोटी चीर पातळ कागद आणि गोंदाने सांधता येते. सिग्नलच्या वाटेवरचे कंडेन्सर गळत नसतील तर तसेच ठेवा. जुन्या कार्बनच्या रेझिस्टरचे ओहम वयाबरोबर वाढतात, काही सळसळ करायला लागतात. जो सळसळतो तेवढाच बदला. बदललेला प्रत्येक भाग, जुनी वायरसुद्धा, पिशवीत घालून त्यावर तारीख लिहून ठेवा. पुढे विकायची वेळ आली तर ती पिशवी ॲम्पइतकीच बघितली जाते. कापड मळलंय म्हणून नवं चढवणं हा तर गुन्हाच.

रोजचं

ॲम्पवर कापड टाकून तो चालवू नका, मागची बाजू भिंतीला चिकटवू नका. गरम हवेला वर जायला वाट हवी. लहान ॲम्पना बहुधा स्टँडबाय स्विच (हीटर चालू ठेवून फक्त मोठा दाब तोडणारा) नसतो आणि त्यावाचून काही अडत नाही. दमट जागेत स्पीकरचा कागदी कोन ओल धरतो, म्हणून महिनोन् महिने बंद पडू देऊ नका. पंधरा दिवसांतून अर्धा तास वाजवला तरी चालेल. ६व्ही६ रोज वाजवून काही वर्षं टिकते, १२एएक्स७ त्याहून बरीच जास्त, त्यामुळे ‘दर वर्षी ट्यूब बदला’ हे ऐकू नका. प्रत्येक प्रकारची एकेक जादा ट्यूब आणि योग्य अँपिअरचे दोन फ्यूज मात्र घरात हवेत. फ्यूज गेला तर तोच आकडा घालायचा, मोठा घालून बघायचा नाही. नवाही लगेच उडाला तर आत खरंच काहीतरी झालंय.

कुठे न्यायचा असेल तर वाजवून झाल्यावर लगेच उचलू नका. तापलेल्या ट्यूबच्या आतले भाग धक्क्याला नाजूक असतात. स्विच बंद करा, प्लग काढा आणि दहा मिनिटं राहू द्या. तेवढ्यात केबल गुंडाळून होतात.